निव्वळ वजन

मानवतच्या जिनिंगवर, काट्याच्या केबिनीत,
रात्रपाळीला मी ती कादंबरी वाचली.
तीन रात्री. मधे एकशे अठरा गाड्या.

सोनटक्के ग्रंथपाल म्हणाले होते,
"घेऊन जा, बाया लय वाचायलेत ही."
कव्हरवर एक बाई, पाठमोरी, केस मोकळे,
पुढं तळं.
मला वाटलं, कधीतरी वळेल.

मृण्मयी तिचं नाव. पुण्याची. चित्रं काढते.
विसाव्या पानावर ती त्याला दोन तास फाटकाशी उभा करते
आणि पडद्याआडून बघते, जातो का.
साठाव्यावर त्याच्या आईला म्हणते,
तुमच्या लुगड्याला रॉकेलचा वास येतो.
लेखक म्हणतो, ती अशीच होती, वाऱ्यासारखी.

वाऱ्याचं मला नका सांगू.
जानेवारीत इथला वारा आवारातला कापूस उचलून
नाकात, पापण्यांत, डब्यातल्या पिठल्यावर आणून टाकतो.
त्याच्यावर कुणी भाळल्याचं ऐकलं नाही.

दुसऱ्या रात्री ती रडली. चार पानं.
मी खूण म्हणून काट्याची पावती घातली
आणि इस्माईलभाईची गाडी काट्यावर घेतली.
कापसात हात घातला तर गार.
पाणी मारलेला कापूस जड भरतो,
पण मुठीत दाबून सोडला की फुलत नाही,
गोळाच राहतो.
इस्माईलभाई म्हणाले, "माल माझा नाही ताई, मी फक्त आणतो."
लेखकानंही असंच काहीतरी
मनोगतात लिहिलंय.

वाईट बाई मला चालते.
आमच्या ठकूबाई शिवी हासडल्याशिवाय चहाचा कप पुढं करत नाहीत,
आणि त्या चार दिवस लेकीकडं गेल्या
तर आख्खं आवार कडू तोंडानं काम करतं.
पण ठकूबाईंनी शिवी दिली
की कुठं बासरी वाजत नाही.
मृण्मयीनं नुसता कप फोडला तरी चांदणं पडतं.
आणि ते तुकडे गोळा करणारी जी बाई आहे
तिला तीनशे बारा पानांत नाव नाही.

खरं सांगू का,
मी पण एकदा नाही म्हणले होते.
सेलूचं स्थळ, पाटबंधाऱ्यात नोकरी,
नाकात बोलायचा, बाकी माणूस बरा.
नाही म्हणले. कारण दिलं नाही, कारण नव्हतंच.
आत्यानं एकच शब्द वापरला : माजली.
तोच गावानं ठेवून घेतला.
तिच्यासाठी अख्खं पुस्तक,
माझ्यासाठी तीन अक्षरं,
आणि वर म्हणे ती समजायला अवघड.

तिसऱ्या रात्री, पान दोनशे सदतीस.
ती त्याचं पत्र न वाचताच चुलीत टाकते
(पुण्याच्या फ्लॅटात चूल कुठून आली, देव जाणे)
आणि समासात, शिसपेन्सिलीनं,
बारीक, डावीकडं कललेल्या अक्षरात कुणीतरी लिहिलंय :
*अगदी मीच.*

मी गाडी सोडायची विसरले.
ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

कोण असेल?
हे पुस्तक मानवतच्या बाहेर गेलेलं नाही,
मागच्या कागदावर शिक्के आहेत, सगळे इथलेच.
पिठाच्या गिरणीवर रांगेत शिरणारी ती?
की पोस्टातली, जी मान वर न करता सुटे मागते?
की कुणी एकदम साधी,
सगळ्यांना ताई-दादा म्हणणारी,
जिनं आयुष्यात एक पत्र जाळलं
आणि नंतर रोजचा स्वयंपाक केला?

शेवट सांगत नाही. तो परत येतो. येणारच होता.
भरल्यातून रिकामी वजा केली
तर माझ्या काट्यावर फार काही उरलं नाही.
ती पेन्सिलीची ओळ तेवढी
वजा होईना.

पुस्तकावर लिहिलं तर दहा रुपये दंड, अशी पाटी आहे.
मी तिच्या खाली लिहिलं :
*बाई, पत्रात काय होतं?*

सोनटक्क्यांनी विचारलं, "कशी वाटली?"
म्हणलं, "नायिका आवडली नाही."
आणि दहाची नोट टेबलावर ठेवली.
म्हणाले, "हे कशाचे?"
म्हणलं, "ठेवा.
आता कोण नेतं ही, तेवढं सांगा मला."